रुग्णनोंद आणि प्रयोगशाळा : संगणकीय संवादातील अर्थनिश्चितीचा प्रश्न

आधुनिक रुग्णालयात दोन संगणकप्रणाली शेजारी शेजारी नांदत असतात. एक डॉक्टरांसमोरची इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद. तीत रुग्णाचा पूर्वेतिहास, औषधे आणि निदान असते. दुसरी प्रयोगशाळेची माहितीप्रणाली. नमुन्यावरचा बारकोड, यंत्राने केलेले मापन आणि तज्ज्ञाने अहवालास दिलेली संमती यांचा हिशेब ती ठेवते. या दोहोंना जोडणे हे वरवर पाहता तंत्रज्ञांचे काम वाटते. वस्तुतः त्यातील अवघड भाग अर्थनिश्चितीचा आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

निरोपाचा साचा फार पूर्वीच सिद्ध झाला आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'हेल्थ लेव्हल सेव्हन' या संस्थेने असे संदेश प्रमाणित केले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीतील संदेश उभ्या रेघांनी विभागलेला असतो. पोथीतल्या दंडाची आठवण व्हावी असा. डॉक्टरांची मागणी एका संदेशाने प्रयोगशाळेत जाते, निष्कर्ष दुसऱ्या संदेशाने परत येतो. परंतु साचा म्हणजे व्याकरण, शब्दकोश नव्हे.

शब्दांचा घोळ कसा असतो पाहा. एकाच चाचणीला कोणी 'शुगर' म्हणतो, कोणी 'बीएसएल', कोणी 'ग्लुकोज'. कवीला पर्यायशब्द हे वैभव वाटते. येथे तो धोका आहे. यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ संस्थेने 'लॉइंक' ही संकेतावली आरंभिली. तीत प्रत्येक चाचणीची ओळख सहा अंगांनी ठरते : घटक, मोजलेला गुणधर्म, काळ, नमुना, मापनश्रेणी आणि (आवश्यक तेथे) पद्धती. रक्तद्रवातील ग्लुकोज वस्तुमानाने मोजल्यास संकेत २३४५-७, मोलमध्ये मोजल्यास १४७४९-६.

हा भेद पंडिती नव्हे. आपल्याकडे रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दुसऱ्या एककातील २० म्हणजे पहिल्यातील सुमारे ३६०, अर्थात फार वाढलेली साखर. पहिल्या एककातील २० म्हणजे जिवावर बेतणारी घट. एका रुग्णाला इन्शुलिन हवे, दुसऱ्याला तातडीने ग्लुकोज. आणि पडद्यावर मात्र एकच आकडा. संदेशात एककाचा रकाना वेगळा असतो. तो रिकामा राहिला तर वाचणारा आपल्या सवयीचे एकक मनाने जोडतो.

भारत सरकारने २०१३ मध्ये आरोग्य-नोंदींची मानके प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये ती सुधारली. चाचण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय परिभाषेसाठी 'स्नोमेड सीटी'. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. मात्र मानक जाहीर झाल्याने प्रयोगशाळेची जुनी यादी आपोआप बदलत नाही. तिच्यातील प्रत्येक चाचणीपुढे योग्य संकेत माणसालाच लिहावा लागतो, आणि चाचणीची पद्धत बदलली की तो पुन्हा तपासावा लागतो. या कष्टाला कोणी विद्वत्ता म्हणत नाही. कोशकारांनाही हा अनुभव नवा नाही.

यापुढचा प्रश्न रुग्णाच्या ओळखीचा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तो विशेष भिडतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण रोमन लिपीत 'डी-एन-वाय' असे आरंभितो, हिंदी उच्चाराने लिहिणारा 'जी-वाय' असे. मधले वडिलांचे नाव कधी येते, कधी गळते. नोंद कक्षात एक रूप आणि नमुना घेताना दुसरे रूप टंकले गेले, तर एकाच देहाच्या दोन नोंदी होतात किंवा अहवाल अनाथ राहतो. म्हणून जुळणी नावावर न सोडता क्रमांकावर करावी लागते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी 'आभा' क्रमांकाचे प्रयोजन हेच.

शेवटची बाब पाठभेदाची. रक्तातील जंतूंच्या संवर्धनाचा अहवाल टप्प्याटप्प्याने येतो : आधी जंतूचा स्थूल प्रकार, मग त्याचे नाव, नंतर कोणते प्रतिजैविक लागू पडेल ते. निष्कर्ष प्राथमिक आहे, अंतिम आहे की दुरुस्त, हे संदेशात एका अक्षराने कळवतात. घेणाऱ्या प्रणालीने हे अक्षर दुर्लक्षिले तर दुरुस्त आकडा जुन्यावर मुकाट्याने बसतो, किंवा दोन्ही शेजारी दिसून गोंधळ होतो. संहितेचा संपादक त्याज्य पाठही तळटीपेत जपतो. येथेही जुना आकडा 'दुरुस्त' अशा खुणेसह राहिला पाहिजे. कारण सकाळी त्याच आकड्यावर विसंबून कोणीतरी औषध दिलेले असते, आणि संध्याकाळी ते का दिले हे दुसऱ्या डॉक्टरला कळावे लागते.