पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी

पहाटे ५.४५

पुण्यात अजून उजाडलेलंही नसतं आणि फोन सुरू होतात. "दादा, गिझर चालत नाहीये, आणि उद्या पहिली आंघोळ आहे हो." धनत्रयोदशीला येणाऱ्या बहुतेक फोनांची सुरुवात हीच. पावसाळाभर बंद असलेला पाहुण्यांच्या बाथरूममधला गिझर आदल्या रात्री लावून बघतात, आणि मग माझी आठवण होते.

पत्ता विचारण्याआधी मी चौकशी करतो. गिझरचा दिवा लागतो का? बटण दाबलं की घरातली वीज जाते का? नळाला हात लावला की झिणझिण्या येतात का? शेवटच्या प्रश्नाला "हो, थोड्या येतात" असं उत्तर आलं, तर ते घर यादीत वर जातं. गिझरची एमसीबी पाडून ठेवा आणि मी येईपर्यंत त्या बाथरूममध्ये कुणाला जाऊ देऊ नका, एवढं सांगून मगच पत्ता लिहून घेतो. "थोड्या" या शब्दावर माझा विश्वास नाही.

पिशवीत मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर, पाने, टेफ्लॉन टेप, दोन किलोवॉटच्या कॉइल, गास्केट, थर्मोस्टॅट, कटआउट, सोळा अँपिअरचे प्लग, चार स्क्वेअर एमएमची वायर. सोबत आयटीआयत वायरमनचं शिकणारा एक पोरगा. सुटी आहे, दिवाळीच्या खर्चाला चार पैसे होतात, आणि वर्गात ऐकलेलं इथे हाताला लागतं.

सकाळी ८.००, कोथरूड

बटण दाबलं की घर अंधारात. आरसीसीबी पडतेय, म्हणजे फेजवरून गेलेला करंट न्यूट्रलवरून पूर्ण परत येत नाहीये, मध्येच कुठेतरी जमिनीकडे पळतोय. तीस मिलिअँपिअरच्या आत हे पकडायचं काम ती डबी करते. एमसीबीला यातलं काही कळत नाही. ती सोळा अँपिअरच्या पुढची भाषा समजते, आणि माणूस मरायला त्याचा शंभरावा हिस्साही पुष्कळ होतो.

कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या. मेगरचं एक टोक कॉइलला, दुसरं टाकीच्या अंगाला, पाचशे व्होल्ट. निदान एक मेगओहम तरी दिसायला हवा, काटा त्याच्या बराच खाली. कॉइल म्हणजे धातूची नळी, आत नायक्रोमची तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओलावा ओढते. चार महिने गिझर बंद, त्यात पुण्याचा पावसाळा. टोकाकडचं सील थोडं सैल असलं, की दमट हवा आत शिरते आणि मग वीजही अडत नाही.

नवी कॉइल बसवली. काम वेळेत झालं. पण निघताना काका म्हणाले, "काल सोसायटीतला इलेक्ट्रिशियन आला होता. म्हणाला, प्लगमधली हिरवी वायर काढून टाकतो, म्हणजे ट्रिप होणार नाही. चाललं असतं ना तेही?"

ट्रिप झाली नसती, हे अगदी खरं. अर्थ काढला की गळणाऱ्या करंटला जमिनीकडे जायची वाट उरत नाही, म्हणून आरसीसीबी गप्प बसते. मग तो करंट टाकीच्या पत्र्यावर आणि पाण्यात वाट बघत राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी नळ धरला, की त्याला वाट मिळते. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. पुढचा संवाद मी ऐकायला थांबलो नाही.

सकाळी १०.१५, नऱ्हे

पंचवीस लिटरचा उभा गिझर. दिवा लागतो, पाणी थंड. इथे नळाला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. खडकवासल्याचं पाणी मऊ, पण बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. बादलीच्या काठावरचा पांढरा थर दारातूनच दिसला. काय निघणार, ते तेव्हाच समजलं.

आधी डीपी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग मीटर लावून खात्री. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं मानणाऱ्या लोकांबरोबर मी काम करत नाही. येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा. दाब सुटला की खालचं कनेक्शन काढायचं आणि बादल्या लावायच्या. टाकीतलं पाणी थंड पाण्याच्या वाटेनेच खाली येतं. वरून हवा शिरायला हवी, म्हणून गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवावा लागतो. पोरगा तो बंद करत होता, थांबवला.

खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो काढायचा. हे डोक्यात ठेवायचं काम नाही. कंपनी बदलली की रचना बदलते. साधारण क्रम मात्र असा: फेज आधी कटआउटमध्ये, तिथून थर्मोस्टॅटमध्ये, तिथून कॉइलच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकावरून न्यूट्रल परत. थर्मोस्टॅट रोजचा कारकून, ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो आणि पाणी निवलं की पुन्हा जोडतो. कटआउट एरवी काहीच करत नाही. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी उकळीकडे निघालं, की वीज तोडणं एवढंच त्याचं काम. कटआउट सारखा उडतो म्हणून तो वगळून थेट वायर जोडलेले गिझर मी पाहिले आहेत. असा गिझर मी जसाच्या तसा परत चालू करून देत नाही.

मीटर कॉइलवर लावला. पोऱ्याला म्हटलं, किती यायला हवं? त्याने वहीतलं सूत्र काढलं. २३० गुणिले २३०, भागिले २०००. साडेसव्वीस ओहमच्या आसपास. मीटरवर काहीच येईना. तार तुटलेली. दिवा लागत होता, कारण वीज तिथपर्यंत येत होती.

फ्लँजचे नट सोडवले, पण कॉइल खाली येईना. चुन्याने तिला आत धरून ठेवलं होतं. इथे पाना मारून हिसके देणारे खूप. टाकीला आतून काचेचा लेप असला, तर एका फटक्यात त्याला चीर जाते, मग वर्षभरात टाकी गंजून गळते आणि कंपनीला शिव्या बसतात. हळूहळू फिरवत काढावी लागते. बाहेर आली तेव्हा नळी दिसतच नव्हती, सगळा पांढरा-पिवळा चुना. चुना उष्णता बाहेर जाऊ देत नाही. नळी पाण्यात बुडालेली असूनही आतून लाल होते, कुठेतरी तडकते नाहीतर आतली तार जळते. कॉइल वाईट निघाली असं लोक म्हणतात. तिला सुकी भाजलेली असते.

टाकीच्या तळाची चिखलासारखी साय हाताने उपसून काढली. मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड खाऊन काडी झाला होता. तो टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून तोही बदलला. याचे पैसे मागितले की चेहरे पडतात. "हे कशाला? आधीच्याने कधी बदललं नव्हतं." तेच तर.

नवी कॉइल इन्कॉलॉयची लावली. निकेल, लोखंड आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू जड पाण्यात तांब्यापेक्षा जास्त टिकतो. चुना त्यावरही बसतोच, फक्त तो सहन जास्त करतो. गास्केट नवं. जुनं उलटं करून बसवणं हे धंद्यातलं जुनं पाप. नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळायचे, नाहीतर फ्लँज एका बाजूला बसते आणि दुसरीकडून थेंब सुटतो.

आता आधी पाणी, मग वीज. टाकी भरेपर्यंत गरम पाण्याच्या नळातून फुसफुस हवा येते. सलग धार लागली की टाकी भरली. त्याआधी बटण दाबलं तर नवी कॉइल मिनिटभरात संपते. याच घरात नॉन रिटर्न व्हॉल्व्हही नव्हता. पाणी हळू येतं म्हणून प्लंबरने काढला होता. वरची टाकी रिकामी झाली, की असा गिझर आल्या वाटेने पाणी खाली सोडून देतो आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. व्हॉल्व्ह बसवला.

क्लॅम्प मीटरवर साडेआठ अँपिअर. बावीस अंशांचं पंचवीस लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला दोन किलोवॉटला तेहेतीस-चौतीस मिनिटं लागतात, वीज एक युनिटच्या थोडी वर. ताईंना तेवढं सांगितलं. पहाटे तीनपासून लावून ठेवायची गरज नाही.

दुपारी १.१५, तपकीर गल्ली

बुधवार पेठेतल्या या गल्लीत आज गाडी घेऊन येणं म्हणजे वेडेपणा. आकाशदिव्यांच्या माळा घेणाऱ्यांच्या गर्दीतून कॉइल घेऊन बाहेर यायला निम्मा तास गेला. एकाच मापाची कॉइल तीन भावांत मिळते. स्वस्तातली हातात घेतली की हलकी लागते आणि तिच्यावर आयएसआयचा शिक्का नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, स्वस्तातली लावा. मी म्हणतो, मग दुसऱ्या कुणाला बोलवा. मिसळ उभ्यानेच खाल्ली.

दुपारी ३.००, नारायण पेठ

जुना वाडा, वरचा मजला, आजी एकट्या. नातवाने मुंबईहून पंधरा लिटरचा नवा गिझर पाठवलाय. नळाला झिणझिण्या येतात. आधी आलेल्याने नवी कॉइल बदलून आणखी नवी घातली, पैसे घेतले, झिणझिण्या तशाच.

कॉइल ठीक होती. सॉकेटच्या भोकांत मीटर घातला. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसायला हवेत, आकडा तीस-चाळीसवर रेंगाळत होता. अर्थ नावालाच. सॉकेट उघडलं तर हिरवी वायर खिडकीतून बाहेर गेलेली, खाली अंगणाकडे. पोऱ्याला तिच्यामागे पाठवलं. तो वर येऊन म्हणाला, "पाइपला बांधलीय."

पूर्वी हे सर्रास करत. पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीत गेलेला असायचा, त्यालाच अर्थ. मग कधीतरी पाइप कुजला आणि प्लंबरने खालचा तुकडा प्लास्टिकचा टाकला. पाणी येत राहिलं. अर्थ त्या दिवशी गेला, कुणाला कळलं नाही. शहरात असे किती पाइप बदलले असतील, याचा विचार मी फार करत नाही. उलट आता हिरवी वायर गिझरचं लीकेज घेऊन उरलेल्या लोखंडी पाइपात सोडत होती, म्हणजे शेजारच्यांच्या नळालाही.

पोरगा हळूच म्हणाला, "न्यूट्रलवरून लूप घेऊ या का? चालेल तात्पुरतं."

चालतं, म्हणूनच तर लोक करतात. पण वाड्यातली न्यूट्रल कुठेतरी पिळून जोडलेली असते. ती वाटेत सुटली, की कॉइलमधून आलेला फेज त्या लूपवरून थेट गिझरच्या अंगावर येतो. पूर्ण २३०. आत्ता येतात त्या झिणझिण्या, तेव्हा बोलायलाही वेळ मिळणार नाही. त्याला तिथेच वहीत लिहायला लावलं.

उपाय सरळ आहे. अंगणात खड्डा, त्यात इलेक्ट्रोड, कोळसा-मीठ, तिथून वरपर्यंत जाड वायर, आणि मीटरपाशी आरसीसीबी. पण अंगण मालकाचं. मालक म्हणतो, गिझर भाडेकरूचा, खर्च भाडेकरूने करावा. आजी म्हणतात, वाडा माझा आहे का? हे भांडण गिझरपेक्षा जुनं आहे.

मी प्लग काढला आणि वायर गुंडाळून वर ठेवली. "आजी, हा मी सुरू करून देत नाही."

"अरे, उद्या दिवाळी. मी काय गार पाण्याने न्हायचं?"

"बंब आहे ना तुमच्याकडे?"

होता. माळ्यावर, तांब्याचा, नातवाने मोडीत काढा म्हणून सांगितलेला. पोऱ्याने उतरवला, चिंच लावून घासूनही दिला. आजींनी कॉइलचे नाहीत म्हणून माझे पैसे अर्धे केले, आणि चिवड्याची पुडी बांधून दिली.

संध्याकाळी ५.४५, कर्वेनगर

मुलांचा फ्लॅट, तीन लिटरचा इन्स्टंट गिझर. तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर. तो लावलाय सहा अँपिअरच्या मल्टिप्लगमध्ये, त्यातच मोबाइलचा चार्जर. मल्टिप्लग तपकिरी झालेला, जळक्या प्लास्टिकचा वास. गिझरला काही झालेलं नाही. सोळाचं सॉकेट आणि वेगळी लाइन ओढावी लागेल. घरमालकाला फोन लावून दिला. त्यांचा "उद्या बघू" ऐकून मल्टिप्लग मीच कचऱ्यात टाकला.

संध्याकाळी ७.२०, एरंडवणे

"पाणी तापायला फार वेळ लागतो." दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा लावलेला. आत सगळं व्यवस्थित, फक्त व्होल्टेज २१५. आज प्रत्येक घरात माळा आणि शेगड्या. २१५ व्होल्टला दोन किलोवॉटची कॉइल साडेसतराशे वॉटच देते. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. फराळ झाला.

रात्री ९.३०, वारजे

हिशेब करायला बसलो. सगळ्यात जास्त पैसे कॉइलचे, कारण कॉइल हातात घेऊन दाखवता येते. अर्थ तपासला, व्हॉल्व्ह बसवला, प्लग बदलला, याचे पैसे द्यायला लोक तयार नसतात, आणि आजच्या दिवसात जीव वाचवणारी कामं तीच होती.

फोन अजून वाजतोय. उद्या पहाटे चार ते आठ मी तो उचलणार नाही, माझ्याही घरी उटणं लागतं. पुढच्या वर्षी कोजागिरीच्या आसपास एकदा गिझर लावून बघा, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर गिझर सुरू करू नका, आधी कुणालातरी बोलवा.