वाम पाळायची आहे? आधी झाकण बघा!

खान्देशात वाम म्हटलं की आधी झणझणीत रस्साच आठवतो. पण तापीतला हाच मासा काचेच्या टाकीत बघा, नजर हटत नाही! दिसायला सापासारखा, पाठीवर बारीक काट्यांची रांग आणि सोंडेसारखं लवचिक नाक. त्या नाकानं तो वास घेत अन्न शोधतो.

नदीतली मोठी वाम (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) दोन-अडीच फुटांच्याही पुढे जाते, म्हणून घरच्या टाकीसाठी तिचा मोह नको. तिची छोटी भावकी, मॅक्रोग्नॅथस पँकॅलस, साधारण वीतभरच राहते. तीच घ्या.

तळाला बारीक, मऊ वाळू हवीच. वाम स्वतःला तिच्यात पुरून घेते, फक्त नाक बाहेर. धारदार खडीनं अंग सोलवटतं, मग जखम चिघळते. दिवे मालवल्यावर गांडुळाचे तुकडे टाका. कोरड्या दाण्यांना ती सहसा तोंड लावत नाही. गप्पी सोबत ठेवलेत, तर सकाळी मोजायला बसू नका.

जळगाव-धुळ्याचा मे महिना मात्र कठीण. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, पाण्यावर पंख्याचा वारा सोडा. आणि झाकणाला बोटभरही फट नको, नळीच्या भोकातूनसुद्धा ती निसटते!