रिबन ईल : दिसायला देखणी, सांभाळायला कठीण
शोभिवंत माशांच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी लक्षात ठेवण्यासारखे

शोभिवंत माशांच्या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात मासे विकणारे आहेत, तसे काच कापून टाक्या बांधणारे आणि लाकडी स्टँड करणारे कारागीरही आहेत. गोड्या पाण्यातल्या माशांत मुरलेला दुकानदार दोन पैसे अधिक मिळावेत म्हणून खाऱ्या पाण्याकडे वळतो. तिथे त्याला भुरळ घालणारा एक जीव म्हणजे रिबन ईल. या माशात आजवर अनेकांचे पैसे बुडाले, म्हणून आम्ही आज तोच विषय घेतला आहे.

मासा कसा आहे?

कोकणात आपण ज्याला वाम म्हणतो, त्याच्याच व्यापक कुळातला हा मासा. फितीसारखा चपटा आणि लांब, जाडी बोटाएवढी, पण लांबी सव्वा मीटरपर्यंत जाते. नाकपुड्यांवर पानासारखे दोन पडदे असतात. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत, उत्तरेला दक्षिण जपानपर्यंत तो आढळतो. प्रवाळांजवळच्या वाळूत बीळ करून राहतो आणि फक्त डोके बाहेर काढून भक्ष्याची वाट पाहतो.

1888 साली सॅम्युअल गार्मन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. लहानपणी तो काळा असतो व पाठीचा पर पिवळा. मोठा नर निळा होतो आणि मादी पिवळी. पूर्वी काळ्याला वेगळी जात समजत. आज शास्त्रज्ञ ही सर्व एकाच माशाची रूपे मानतात. तेव्हा कोणी तीन जाती सांगून तीन भाव लावू लागला, तर सावध व्हावे.

खरी अडचण उपासाची

हा मासा टाकीत आणल्यावर बहुतेक वेळा खायचेच सोडतो. रोग दिसत नाही, जखम दिसत नाही, पण आठवड्यामागून आठवडे तो तोंड उघडून बसलेला दिसतो. (ते तोंड उघडणे श्वासासाठी असते, रागाने नव्हे.) शेवटी तो भुकेने मरतो. बाजारात येणारे हे मासे समुद्रातून पकडलेले असतात. इंडोनेशिया व फिलिपाइन्स हे त्यांचे मोठे पुरवठादार देश. फिलिपाइन्समध्ये 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे पकडताना सायनाइड फवारण्याची वाईट रीत पडली. 1975 साली तिथे विष घालून मासेमारी करण्यावर बंदी आली, तरी ती रीत पुरती थांबली नाही. असा विषबाधा झालेला मासा वरून धडधाकट दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मरतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, मासा आला की लगेच विकू नका. निदान दोन-तीन आठवडे दुकानात ठेवा. संध्याकाळी दिवे मंद करून जिवंत कोळंबी किंवा लहान मोली द्या. ते घेऊ लागला की चिमट्याने समुद्री माशाचा तुकडा हलवून दाखवा. मेलेले खाणे नेमाने खाऊ लागला, तरच तो विकाऊ समजा. गिऱ्हाइकानेही ‘माझ्यासमोर खाऊ घाला’ असे बेलाशक म्हणावे.

टाकीचा हिशेब

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावते. याहून लहान टाकी नको. लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ धरले, तर पहिल्या भरणीला जवळजवळ 9 किलो लागते. दर आठवड्याला 25 लिटर पाणी बदलले, तर वर्षाला 45 किलोच्या वर मीठ जाते. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगा. खाण्याचे मीठ चालत नाही, हेही सांगा.

पाणी, वाळू, दगड व काच मिळून वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. जुन्या इमारतीच्या लाकडी तक्तपोशीवर अशी टाकी मध्यभागी ठेवू नये. जाणकाराला दाखवून भिंतीलगत ठेवावी.

पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. मालेगाव-भिवंडीकडच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे जमणे कठीण. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप हाताशी हवा. टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत. पाण्यातला अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नये. या माशाला खवले नसतात, त्यामुळे तांबेयुक्त औषधे त्याला सोसत नाहीत.

कारागिरांसाठी काम

तळाला चार-पाच इंच वाळू आणि तिच्यात एक ते दीड इंची पीव्हीसी नळी, वळण देऊन, तोंडे उघडी ठेवून पुरावी. बीळ मिळाले की मासा निर्धास्त होतो व खाण्याची शक्यता वाढते. झाकण मात्र घट्ट हवे. शरीर जाईल एवढी फट मिळाली की तो बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. वायर व नळ्यांच्या भोकांनाही जाळी लावावी. असे नीट झाकण करून देणाऱ्या कारागिराला काम कमी पडणार नाही.

कायद्याचेही भान ठेवा. 2001 पासून आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. टाकी सजवायला आपल्या समुद्रातले प्रवाळ कोणी आणून दिले, तर ते हाती धरू नका.

मग हा मासा विकावा की नाही? आमचे मत असे की, नव्या गिऱ्हाइकाला तो मुळीच देऊ नये. त्याला क्लाऊन मासा द्या. तो आता टाकीतच पैदा होतो व सहज खातो. वर्षभर खारे पाणी सांभाळलेला जुना गिऱ्हाईक मागेल तेव्हाच, खात असलेली ईल, सगळे दोष सांगून द्या. एका विक्रीचा नफा जाईल खरा, पण महिन्याभरात मेलेला मासा घेऊन दारात आलेला गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मालाचा ऐब सांगून विकणाऱ्याची पत टिकते, आणि एका मुक्या जीवाचे उपासाने मरणेही टळते.