अमेडियस क्वार्टेट : चाळीस वर्षं, तेच चौघे

नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलॉफ ही व्हिएन्नातली ज्यू मुलं. हिटलरच्या तावडीतून सुटून इंग्लंडला पोचली, तर तिथे 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून छावणीत! त्यांची गाठ पडली ती अशा छावण्यांमध्ये. सुटल्यावर व्हायोलिनशिक्षक मॅक्स रोस्टाल यांनी त्यांना फुकट शिकवलं. लंडनचा चेलोवादक मार्टिन लव्हेट चौथा. 10 जानेवारी 1948 ला विगमोर हॉलमध्ये 'अमेडियस' या नावाने पहिली मैफल झाली.

व्हिएन्नाचे तिघेही मुळात व्हायोलिनवादक. शिडलॉफने व्हायोला हाती घेतला आणि तोच या चौकडीचा प्राण झाला, असं माझं ठाम मत. 1987 मध्ये तो गेला, तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा कोणी न घेता चौकडीच थांबवली.

हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स हा त्यांचा हुकमी प्रांत. आधुनिक रचना कमीच, पण संगीतकार बेंजामिन ब्रिटनने आपलं तिसरं क्वार्टेट त्यांच्यासाठीच लिहिलं. पाच भागांपैकी शेवटचा व्हेनिसमध्ये पुरा केला. डिसेंबर 1976 मध्ये ते प्रथम जाहीरपणे वाजलं, ब्रिटन जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या शेवटच्या भागात चेलो एकच स्वराकृती पुन्हा पुन्हा वाजवतो, वर बाकीचे तिघे चढत जातात. आणि अखेरचा स्वरमेळ मुद्दाम अधांतरी सोडलाय.

नव्याने ऐकणाऱ्यांनी मात्र त्यांनी वाजवलेल्या मोझार्टच्या क्विंटेट्सपासून सुरुवात करावी. त्यात दुसरा व्हायोला सेसिल अरोनोविट्झचा आहे. जी मायनरवालं आधी लावा!