गरोदरपणातील सिकलसेल चाचणी : नवऱ्याचीही हवी!

विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तरीही गरोदर बाईचे हिमोग्लोबिन, रक्तगट आणि साखर तपासली की आपण निश्चिंत होतो. पण हिमोग्लोबिन किती आहे हे कळले, तरी ते कोणत्या प्रकारचे आहे हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी असते. ती पॉझिटिव्ह आली, तर व्यक्ती वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून ठरते. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते.

पत्नी वाहक निघाली, तर पतीचेही रक्त लगेच तपासावे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी आहे म्हणून ही शक्यता कमी होत नाही.

पोटातील बाळाला आजार आहे का, हे साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासून कळते. या तपासण्यांत गर्भपाताचा थोडा धोका असतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून निर्णय जोडप्यानेच घ्यावा. विचाराला वेळ मिळावा यासाठी पहिल्या तीन महिन्यांतच नावनोंदणी करा.

आणि सुनेला दोष देणे थांबवा. हा आजार आई आणि वडील, दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो.