डायलिसिसचे रुग्ण आणि हृदयाच्या झडपा

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला जिना चढताना दम लागला, की घरचे म्हणतात, ‘अंगात पाणी साठलं असेल, उद्या डायलिसिस आहेच.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. पण डायलिसिस होऊन वजन उतरले, पायांवरची सूज गेली आणि तरीही दम कायम राहिला, तर दुसरे कारण शोधायला हवे. ते हृदयाच्या झडपांत असू शकते.

हृदयात ४ झडपा असतात. रक्त पुढे जाऊ देणे आणि मागे येऊ न देणे हे त्यांचे काम. निकामी किडनीला रक्तातले फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास डायलिसिस करूनही ते पुरेसे निघत नाही. वाढलेले फॉस्फरस, कॅल्शियमचे बिघडलेले प्रमाण आणि पॅराथायरॉइड संप्रेरकातली वाढ यांमुळे झडपांवर चुना साचतो. नळाच्या तोटीत क्षार साचून धार बारीक व्हावी, तसेच हे. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप निरोगी माणसात ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. हे तोंड १ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान झाले, की आजार तीव्र समजला जातो. एरवी हा त्रास सहसा उतारवयात दिसतो. डायलिसिसच्या रुग्णांत तो लवकर सुरू होतो आणि वेगाने वाढतो.

चालताना छातीत दडपण येणे, चक्कर येऊन पडणे, डायलिसिस चालू असताना वारंवार बीपी उतरणे, ही लक्षणे दिसली तर टू-डी इको करून घ्यावा. अंगात जादा पाणी असताना केलेला इको दिशाभूल करू शकतो. म्हणून शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करावा.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. मानेतल्या कॅथेटरमधून जंतू रक्तात शिरले, तर ते झडपेवर घर करून काही दिवसांत ती खराब करू शकतात. त्यामुळे थंडी वाजून ताप आला, तर दुकानातून गोळी आणून घेऊ नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेतले, तर नेमका जंतू सापडण्याची शक्यता वाढते. हातात फिस्टुला करून घेतल्यास हा धोका बराच कमी होतो. ‘सध्या कॅथेटर चाललंय ना’ म्हणून ते काम लांबणीवर टाकू नये.

साचलेला चुना विरघळवणारे औषध आज नाही. म्हणून फॉस्फरस आटोक्यात ठेवणे महत्त्वाचे. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते; उपाशीपोटी तिचा उपयोग होत नाही. कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, पाकीटबंद मांसाहारी पदार्थ टाळावेत. दूध आणि डाळ किती घ्यायची, हे आहारतज्ज्ञांना विचारावे. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

झडप फारच अरुंद झाली, तर शस्त्रक्रिया करून किंवा पायाच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवता येते. डायलिसिसच्या रुग्णांत यात जोखीम जास्त असते, पण ‘किडनी गेली, आता काय उपयोग’ असे समजून दार बंद करू नये. किडनीतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

पुढच्या डायलिसिसला जाताना फाइल उघडून शेवटचा इको कधी झाला, तेवढे पाहा. तारीख सापडली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.