डोरीचा हट्ट

आमच्या नेरूळच्या बिऱ्हाडी खाऱ्या पाण्याची ३ फुटी काचपेटी आहे. २००३ सालचा ‘फाइंडिंग नीमो’ पाहून मुलांनी तीत डोरी, म्हणजे निळा टँग मासा, आणावयाचा हट्ट धरला. दुकानात तो बोटाएवढा दिसतो खरा. परंतु प्रवाळखडकांत तो वाढून फूटभर होतो आणि वाहत्या पाण्यात शेवाळ व सूक्ष्म जीव टिपीत हिंडतो. आमच्या पेटीत तीन अंगे सरकला की काच! शिवाय शेपटीच्या मुळाशी दोहों बाजूंस धारदार काटा. कोंडलेला टँग तो शेजाऱ्यांवर चालवितो. मोठा झाल्यावर खाडीत सोडू, असे आजोबा म्हणाले. पण त्या गढूळ पाण्यात प्रवाळातील जीव कसा जगावा? अखेर जेमतेम चार इंच वाढणारी नीमोच्या जातीची जोडी आणली. धाकटीचा रुसवा अद्याप गेलेला नाही.